ॲगी मावशीचा नमुना पाठ

शाळा मंडळाचं पत्र आलं तेव्हा मी गाडीखाली उताणा पडून सायलेन्सरला तार बांधत होतो. माझी बायको थेरीसा खाली वाकली आणि म्हणाली, "ॲलन, तुझी भाषा बंद करायला सांगताहेत." तार नुकतीच अंगठ्यात घुसली होती, त्यामुळे शेजाऱ्यांनी तक्रार केली असावी असंच मला वाटलं.

पण पत्र खरंच मंडळाचं होतं. येत्या सप्टेंबरपासून ज्या विषयाला मंजूर पाठ्यपुस्तक नाही तो विषय शिकवता येणार नाही, असा ठराव झाला होता. आमच्या शाळेत असा विषय एकच, गेलिक, म्हणजे स्कॉटलंड सोडून ह्या बेटावर आलेल्या आमच्या पूर्वजांची भाषा. शिक्षकही एकच, मी. विद्यार्थी नऊ, आणि त्यांतले दोन बास्केटबॉलचा सराव सुरू होईपर्यंत ऊबेला येऊन बसणारे.

पाठ्यपुस्तक नाही हे मात्र खोटं होतं. सत्तावीस वर्षं मी एकाच पुस्तकाच्या फोटोकॉपीच्या फोटोकॉपीवरून शिकवत होतो. ते छापलं होतं स्कॉटलंडमध्ये. पहिल्या पाठात एक गृहस्थ ग्लासगोची गाडी किती वाजता सुटते असं विचारतो आणि छत्री विसरतो. आमच्या केप ब्रेटन बेटावरची शेवटची प्रवासी आगगाडी बंद होऊन तीस वर्षं उलटली, आणि इथल्या वाऱ्यात छत्री उघडणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तरी पोरं बिचारी वर्षानुवर्षं त्या गृहस्थाची छत्री शोधत होती.

"मंजूर पुस्तक नाही तर आपण तयार करू," मी म्हणालो.

"आपण म्हणजे कोण?" थेरीसाने विचारलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात माझ्या तोंडच्या 'आपण' ह्या शब्दाला ती चांगलीच ओळखून आहे.

योगायोगाने हॅलिफॅक्सच्या एका अनुदान मंडळाची जाहिरात त्याच आठवड्यात आली. भाषा शिकवण्याचं खुलं साहित्य तयार करायला ते पैसे देणार होते. अट एवढीच की अर्ज तीन वेगवेगळ्या संस्थांनी मिळून करायचा. मी म्हटलं, ह्यात काय अवघड? एक आमची शाळा. दुसरी आमची इतिहास संस्था, जिचे अध्यक्ष ॲलन गिलिस. तिसरी चर्चची महिला संघटना, जिच्या अध्यक्ष ॲगी मावशी.

ॲलन गिलिस म्हणजे मी नव्हे. नाव माझंही तेच आहे, पण आमच्या ग्लेन बेग गावात दगड मारला तर तो गिलिसला लागतो, आणि तिसरा दगड ॲलन गिलिसला. म्हणून आम्ही माणसं टोपणनावाने ओळखतो. अध्यक्ष आहेत ते 'ॲलन बॉस्टन'. वय एकोणऐंशी. बाविसाव्या वर्षी ते सुतारकामाला बॉस्टनला गेले, तीन वर्षांत परत आले, आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य "आमच्या बॉस्टनला" असं सुरू होतं. गेलिक आपण तिथेच विसरून आलो, असं ते सांगतात. लोक छत्री विसरतात तसं.

आणि मी 'ॲलन कोंबडी'. माझे आजोबा एकदा कोटाच्या आत कोंबडी लपवून प्रार्थनेला गेले होते आणि प्रवचन चालू असताना तिने अंडं घातलं. ह्या गोष्टीला नव्वद वर्षं झाली. मी पदवीधर आहे, शिक्षक आहे, दोनदा पतपेढीच्या संचालक मंडळावर निवडून आलोय. पण अंडं ते अंडं.

ॲगी मावशी माझ्या आईची चुलत बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं टपाल कचेरीत काढलेली. तिच्याइतकी अस्सल गेलिक आता बेटावर फार थोड्यांना येते, आणि इतकी तिखट तर कुणालाच येत नाही.

अर्ज संकेतस्थळावर भरला आणि दुसऱ्याच दिवशी हॅलिफॅक्सहून फोन आला. बाईंचं नाव केंद्रा व्हायनॉट. दक्षिण किनाऱ्यावर हे आडनाव सर्रास असतं, पण 'का नाही?' असं आडनाव असलेल्या बाईने पुढचे तीन महिने मला प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणावं, हा नशिबाचा वेगळा विनोद.

"मिस्टर गिलिस, मुख्य अर्जदार आणि भागीदार क्रमांक दोन ही एकच व्यक्ती आहे. यंत्रणेने अर्ज अडवलाय."

"नाही हो. ते एकोणऐंशीचे आहेत, मी सत्तावन्नचा."

"नाव एकच आहे. रस्तासुद्धा एकच आहे."

"आमच्याकडे रस्ताच एक आहे."

थोडा वेळ टाइप करण्याचा आवाज आला. "तुमच्या गावात ॲलन गिलिस एकूण आहेत तरी किती?"

"जिवंत?" मी विचारलं.

"मग तुम्ही एकमेकांना ओळखता कसे?" मी चेष्टेने टोपणनाव सांगितलं. त्यांनी ते गंभीरपणे एका रकान्यात भरलं. अर्ज पुढे सरकला, पण त्या दिवसापासून मंडळाची सगळी पत्रं, थेट शाळेच्या पत्त्यावर, 'श्री. ॲलन कोंबडी गिलिस, प्रकल्पप्रमुख' ह्या नावाने यायला लागली. मुख्याध्यापिका सिडनीच्या, म्हणजे आमच्याच बेटावरच्या शहरातल्या. त्यांना हे नाव ठाऊक नव्हतं. ते पत्र त्यांनी सूचनाफलकावर लावलं.

पुढची अट आणखी कठीण होती. भागीदार एकमेकांचे नातेवाईक नसावेत. असल्यास नातं जाहीर करावं. मी मास्तर माणूस, खोटं लिहवेना. तीन रविवार बसून मी शाळा, इतिहास संस्था आणि महिला संघटना ह्यांच्यातली सगळी नाती पाच पिढ्यांपर्यंत लिहून काढली. अकरा पानं झाली. केंद्राबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता.

"मिस्टर गिलिस, आम्हाला फक्त आईवडील, भावंडं, नवरा-बायको एवढंच हवं होतं."

"तसं लिहायचं ना मग."

"तसं लिहिलंय. पहिल्याच ओळीत."

पण अकरा पानं एव्हाना स्वयंपाकघरातल्या टेबलावरून घरभर फिरली होती. थेरीसाने पाचवं पान वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ॲलन, ह्याच्यावरून मी तुझी चौथ्या पिढीतली चुलत बहीण लागते."

"असं दिसतंय खरं."

"दोन बाजूंनी."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर हे कळून करायचं काय? दोन दिवस आम्ही एकमेकांना उगाचच "माफ करा" म्हणत होतो.

मग सभा झाली. भागीदारांनी आपापल्या सभासदांना प्रकल्प समजावून द्यावा, असं मंडळाचं म्हणणं होतं. चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये चहा, ओटकेक म्हणजे ओटच्या पिठाची जाड बिस्किटं, आणि सदतीस माणसं. मी उभा राहून सांगितलं की हे साहित्य खुलं असेल.

"खुलं म्हणजे?" ॲगी मावशीने विचारलं.

"म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, वापरावं, हवं तसं बदलावं, पुढे द्यावं."

हॉलमध्ये कप खाली ठेवल्याचे आवाज झाले.

"बदलावं? माझ्या आईची गोष्ट मी तुला सांगायची, आणि टोरंटोतल्या कुठल्या दीडशहाण्याने ती बदलायची?"

"बदलू शकतो, मावशी. पण मूळ तुझी आहे असं तुझं नाव त्याला खाली द्यावंच लागेल."

"म्हणजे घाण तो करणार आणि खाली नाव माझं?"

मी तीनदा समजावलं. तिन्ही वेळा प्रकरण आणखी वाईट झालं. ॲलन बॉस्टन उठले आणि म्हणाले, "आमच्या बॉस्टनला असली फुकटेगिरी कुणी खपवून घेतली नसती." मग चर्चा पहिल्या पाठाकडे वळली. 'कसं काय' हे टेकडीच्या अलीकडे एका तऱ्हेने विचारतात आणि पलीकडे दुसऱ्या. पाऊण तास वाद झाला. पलीकडच्या एकाने अलीकडच्यांच्या उच्चाराची घसा बिघडलेल्या मेंढीशी तुलना केली. कोट घालून चार माणसं निघून गेली. त्यांना परत बोलवायला गेलेला पाचवाही परतला नाही.

शेवटी तोड निघाली: आईच्या गोष्टी, गाणी, प्रार्थना ह्यांतलं काहीही द्यायचं नाही. अर्जासोबत फक्त तीन मिनिटांचा एक नमुना पाठ ध्वनिमुद्रित करून जोडायचा. विषय, 'दुकानात'. आवाज ॲगी मावशीचा. दुकानात मीठ आणि साखर मागण्यात कुणाची आई येत नाही, असं मी म्हणालो. सगळ्यांना पटलं. मलासुद्धा पटलं, ह्याचं आता आश्चर्य वाटतं.

शिफारसपत्रंही लागत होती. भागीदारांनी ती परस्पर पाठवायची होती, मला दाखवायची नव्हती. पण केंद्राबाईंनी एक ओळ 'जरा स्पष्ट करावी' म्हणून मला फोनवर वाचून दाखवली. ॲगी मावशीने लिहिलं होतं: 'ॲलन मनाने चांगला आहे आणि त्याची गेलिक लोक म्हणतात तितकी वाईट नाही.'

"लोक काय म्हणतात?" केंद्राबाईंनी विचारलं.

मला काय माहीत? मला तर आत्ताच कळत होतं की लोक काही म्हणतात!

मुदत शुक्रवारी दुपारी चारची होती. शुक्रवारी सकाळी मी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन ॲगी मावशीच्या स्वयंपाकघरात हजर झालो. "मावशी, एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. दोघांचं तूच बोल. मात्र रोजच्या बोलण्यातलं हवं हं, पुस्तकी नको."

"रोजच्या बोलण्यातलं?"

"अगदी तू बोलतेस तसं."

"मग तू बाहेर जा. तू नाक ओढतोस, ते त्यात येईल."

मी गाडीत जाऊन बसलो. तीन मिनिटांच्या पाठाला चाळीस मिनिटं लागली. खिडकीतून ती दिसत होती. एकदा डाव्या हाताने बोलायची, एकदा उजव्या. मधूनच हसत होती. मला कौतुक वाटलं. ह्या वयात केवढी तन्मयता!

आमच्याकडे इंटरनेट नावापुरतं आहे. एवढं मोठं ध्वनिमुद्रण चढवायला मला पंचवीस मैल जाऊन वाचनालयाच्या बाहेर गाडी उभी करावी लागली. ती निळी पट्टी इंचाइंचाने सरकत होती आणि मी डॅशबोर्डावरच्या घड्याळाकडे बघत होतो. चारला सहा मिनिटं असताना पोचलं. ऐकायला वेळ कुठला! आणि खरं सांगायचं तर, मीठ आणि साखर, त्यात ऐकायचं काय?

पुढच्या बुधवारी मंडळाने सगळे नमुने लोकांच्या अभिप्रायासाठी संकेतस्थळावर खुले केले. रविवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये चहाला गेलो तर मी दारातून आत शिरताच सगळे गप्प झाले. लांब टेबलावर नेहमीसारखी पक्वान्नं मांडलेली. ॲलन बॉस्टनच्या ओटकेकची बशी मात्र जशीच्या तशी. सलग तीन वर्षं पॅरिशच्या सहलीत पहिलं बक्षीस मिळवलेले ते ओटकेक. एरवी पाच मिनिटांत फस्त व्हायचे. आज एकानेही हात लावला नव्हता. बशीमागे ॲलन बॉस्टन उभे होते, बीटासारखे लाल.

थेरीसा तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिला गेलिक येत नाही, पण तिच्या आईला येते, आणि तिच्या आईने तिला फोनवर शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितला होता.

घरासमोर गाडीत बसूनच मी पाठ ऐकला. सुरुवात उत्तम होती. गिऱ्हाईक मीठ मागतं. दुकानदार विचारतो, आणखी काय? गिऱ्हाईक म्हणतं, ओटकेक आहेत का? दुकानदार म्हणतो, होते, पण सगळे ॲलन बॉस्टन घेऊन गेला. एवढे कशाला? अगं, तो पिशवीतून काढतो, घरच्या टोपलीत घालतो, वर टॉवेल टाकतो, आणि बक्षीस घेतो. देवा रे! आणि मासळीचं सूप? ते थेरीसाचं आहे ना, मास्तरणीचं. तिसऱ्या फळीवर, डब्यातलं, घरी जाऊन फक्त गरम करते. आणि मास्तर? मास्तर चांगला आहे गं, पण त्याच्यापुढे आपल्या भाषेत वीसच्या वरचे पैसे मोजू नकोस, गांगरतो. किती झाले? एक डॉलर दहा. येते.

पहिला धक्का ओसरल्यावर दुसरा बसला: तिचं व्याकरण निर्दोष होतं. भूतकाळ, अपूर्ण काळ, संकेतार्थ, सगळं तीन मिनिटांत. मी सत्तावीस वर्षांत एवढं शिकवलं नव्हतं.

तसाच तिच्याकडे गेलो. "मावशी, हे काय केलंस?"

"तूच म्हणालास, रोजच्या बोलण्यातलं."

"अगं, पण सगळ्या जगाला खुलं आहे ते!"

"जगाला कुठे कळतंय?" ती बटाटे सोलत म्हणाली. हाच तर घोळ होता. पृथ्वीच्या पाठीवर सातआठशे कोटी माणसं, आणि ज्यांना ते कळत होतं ती नेमकी आमच्याच रस्त्यावर राहत होती.

मी केंद्राबाईंना फोन लावला. ध्वनिमुद्रण तेवढं काढून टाका म्हणालो.

"मिस्टर गिलिस, ते खुल्या परवान्याखाली आहे. दोनशे अठरा जणांनी उतरवून घेतलंय. आमच्या इतिहासातला हा उच्चांक आहे. मागचा अकरा होता."

दोनशे अठरा! आमच्या सगळ्या परिसरात गेलिक कळणारी साठ माणसं नसतील. मग उलगडा झाला. दूर पश्चिमेला अल्बर्टात कामाला गेलेली आमची पोरं, ज्यांनी माझ्या वर्गात सगळी वर्षं खिडकीबाहेर बघण्यात घालवली, ती आता शब्दकोश घेऊन बसली होती आणि आजी-आजोबांना फोन करून विचारत होती, "तिसऱ्या फळीच्या आधी ती काय म्हणते?"

दरम्यान ॲलन बॉस्टननी भागीदारी काढून घेतल्याचं पत्र मंडळाला पाठवलं. दोन भागीदारांचा अर्ज बाद होतो. केंद्राबाई म्हणाल्या, निर्णयाआधी मी स्वतः येऊन तिन्ही भागीदारांशी बोलते. अर्ज गेला की वर्ग गेला, हे गावात एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गुरुवारी दुपारी दोन वाजता हॉलमध्ये बसायला खुर्ची उरली नाही ती भाषेच्या काळजीने, असं मी म्हणणार नाही.

केंद्राबाई चार तास गाडी चालवून आल्या. लहानखुऱ्या, गळ्यात ओळखपत्र, हातात ध्वनिमुद्रक. "नोंदीसाठी," असं म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि लाल दिवा लावला. "मिस्टर गिलिस, म्हणजे... बॉस्टन. आपण सुरुवात करता?"

ॲलन बॉस्टन उठले. टाय लावला होता. इंग्रजीत, अगदी अदबीने त्यांनी सुरुवात केली. "आमच्या बॉस्टनला ह्याला बदनामी म्हणतात. माझी संस्था ह्या प्रकल्पातून..."

"टॉवेल कोणता टाकतोस रे टोपलीवर?" ॲगी मावशीने गेलिकमध्ये विचारलं. "निळा ना?"

आणि बांध फुटला. त्या माणसाच्या तोंडून सत्तावन्न वर्षांत कुणी गेलिकचा एक शब्द ऐकला नव्हता. आता धबधबा सुरू झाला. ॲगी मावशीच्या जिभेपासून तिच्या खापरपणजोबांच्या बोटीपर्यंत कुणालाही त्यांनी सोडलं नाही. काय ती भाषा! त्यांतले काही शब्द मी फक्त कोशात पाहिले होते, तेही 'आता वापरात नाही' अशा फुलीच्या खुणेसकट. टेकडीपलीकडची मंडळी उठून उभी राहिली. ॲगी मावशीने उलट उत्तर दिलं, त्यांनी तिला, तिने त्यांना. ओटकेक कधीच मागे पडले. गायी निघाल्या, कुंपणं निघाली, एका लग्नात वाजवलेलं चुकीचं गाणं निघालं.

केंद्राबाई माझ्याकडे झुकल्या. त्यांचे डोळे विस्फारले होते. "काय चाललंय?"

"चर्चा."

"संयुक्त?"

"अतिशय."

आणि मग ॲलन बॉस्टन टेबलावर हात आपटून ओरडले, "लग्नाचं विचारलं होतं ना मी तुला! बॉस्टनला जायच्या आधी, ह्याच हॉलच्या पायरीवर, नाच संपल्यावर! तेव्हा नाही म्हणालीस, आणि आज म्हातारपणी माझ्या मागे लागलीस!"

हॉलमध्ये एकदम सगळं थांबलं. ज्यांना कळलं ते थिजले आणि ज्यांना कळलं नाही ते कळलेल्यांकडे बघून थिजले. ही गोष्ट गावात कुणालाच माहीत नव्हती. आमच्या गावात! जिथे माणसाला खोकला झाला की पलीकडच्या घरातून औषध येतं. सत्तावन्न वर्षं हे कुणालाही कळू नये, ह्याचाच मला आधी धक्का बसला. ॲलन बॉस्टननी लग्न केलं नव्हतं. ॲगी मावशीने केलं, तिचा नवरा जाऊनही बारा वर्षं झाली.

ॲगी मावशी खाली बसली. मग, आवाज न चढवता, म्हणाली, "इंग्रजीत विचारलं होतंस."

"काय?"

"बॉस्टनला जायचं म्हणून महिनाभर आधीपासून साहेबासारखा इंग्रजी फाडत होतास. मला वाटलं, चेष्टा करतोय. मग मीही इंग्रजीत नाही म्हटलं. आपल्या भाषेत विचारलं असतंस, तर विचार केला असता."

ॲलन बॉस्टन तसेच उभे. टाय एका बाजूला गेलेला. "हे आत्ता सांगतेस?"

"आत्ता विचारलंस," ती म्हणाली.

कुणीतरी नाक शिंकरलं. माझ्या शेजारी थेरीसा बसली होती. पंधरा दिवसांत तिने पहिल्यांदा माझा हात धरला आणि कुजबुजली, "काय म्हणाली ती? लवकर सांग!" मी सांगितलं.

"पाठाच्या मांडणीविषयी थोडे मतभेद होते," मी केंद्राबाईंना म्हणालो. त्यांनी लाल दिवा बंद केला. पण त्या बाई मूर्ख नव्हत्या. परत निघताना गाडीची काच खाली करून त्यांनी विचारलं, "त्यांनी तिला विचारलं होतं, हो ना?" मी मान हलवली. "आईशप्पथ!" असं काहीतरी म्हणून त्या बराच वेळ इंजिन न लावता बसून राहिल्या.

हॉलमधलं ते ध्वनिमुद्रण केंद्राबाईंना अर्जाला जोडायचं होतं, आणि त्यासाठी दोघांचं संमतिपत्र हवं होतं. ॲगी मावशीने वाचलंही नाही, सही ठोकली. मग ॲलन बॉस्टनकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून पानन् पान वाचलं. 'कुणालाही बदल करता येईल' ह्या ओळीवर बोट ठेवून ते थांबले. "हे खोडायचंय मला."

"खोडलं तर अनुदान नाही, काका. वर्गही नाही."

"बदलतील तर बदलतील," शेवटी म्हणाले, गेलिकमध्ये. "ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलंय." आणि 'ॲलन गिलिस' अशी सही केली. खाली कंसात, यंत्रणेसाठी, स्वतःच्या हाताने 'बॉस्टन'.

भागीदारी परत घेतली का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी केंद्राबाईंचा निरोप आला की पत्र मागे घेतल्याचं पत्र पोचलं.

जूनमध्ये अनुदान मंजूर झालं. परीक्षकांचे शेरे सोबत होते. एकाने लिहिलं होतं, 'भागीदारांमधला संवाद विलक्षण जिवंत. संयुक्त कामाचा आदर्श.' दुसरे परीक्षक स्कॉटलंडचे, त्यांना गेलिक येत होती. त्यांनी लिहिलं होतं, 'वक्त्या क्रमांक एक व वक्ते क्रमांक दोन ह्यांची भाषा म्हणजे ठेवा आहे, जपावा. प्रकल्पप्रमुखाचं व्याकरण दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं.' मुख्याध्यापिकांनी हेही फलकावर लावलं.

ॲलन बॉस्टन आणि ॲगी मावशी ह्यांचं पुढे काय झालं असं सगळे विचारतात. काही झालं नाही. ते तिच्या घरी जात नाहीत, ती त्यांच्या घरी जात नाही. दर मंगळवारी दोघं माझ्या वर्गात येतात, पाठ बरोबर लिहिला जातो का ते बघायला, एक डाव्या भिंतीशी, एक उजव्या. सप्टेंबरमध्ये नवाची सव्वीस पोरं झाली होती. बास्केटबॉलवाले दोघेही टिकलेत. दोघं म्हातारे भांडतात आणि पोरं भराभर वहीत उतरवून घेतात. मी मधे उभा असतो, खडू घेऊन.

मागच्या मंगळवारी मी वर्गाला 'कसं काय' विचारायला शिकवत होतो, अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही. पहिल्या बाकावर लियानी बसते. तिची आई आमच्या दवाखान्यात नर्स आहे, चार वर्षांपूर्वी फिलिपिन्सहून आलेली. लियानीचं वय नऊ. मी तिला विचारलं, "कसं काय, लियानी?" ती उठली, हात मागे बांधले आणि मोठ्या आत्मविश्वासाने तिने उत्तर म्हणून एक शिवी दिली.

साधी नव्हे. लांबलचक, तीन मजली, बैल चिखलात रुतल्यावर द्यायची. डाव्या भिंतीशी ॲलन बॉस्टन एकाएकी बुटाची नाडी बांधायला वाकले. ॲगी मावशी छताकडे बघत होती.

मला रागवायला हवं होतं. मी शिक्षक आहे, पदवीधर आहे. पण ती शिवी मी माझ्या वडिलांनंतर कुणाच्याही तोंडून ऐकली नव्हती, आणि पोरीचा उच्चार इतका स्वच्छ होता की मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मग तारीख लिहायला लागलो.

"सर, चुकलं का?" मागून तिचा घाबरा आवाज आला.

"नाही," मी म्हणालो. "पुन्हा म्हण. सगळे ऐका."